टायरवरचा आकडा वाचा!

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांदरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचे डांबरीकरण अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत अखंडपणे पार पडले आणि त्या विक्रमाची नोंद गिनेस बुकात झाली. वऱ्हाडास त्याचा अभिमान वाटला, तो रास्तच होता. परंतु रस्ता गुळगुळीत झाला म्हणजे वेग वाढतो, आणि वेग वाढला म्हणजे टायरची कसोटी लागते. या भागात तूर, हरभरा, संत्री आणि कापूस वाहणाऱ्या पिकअप गाड्यांच्या मालकांनी या कसोटीचा विचार करावयास हवा, असे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे.

टायर घेताना गिऱ्हाईक माप विचारते आणि किंमत विचारते. तो टायर किती भार पेलील, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वास्तविक त्याचे उत्तर टायरच्या बाजूवरच कोरलेले असते. मापापुढील आकडा हा भाराचा निर्देशांक, म्हणजेच लोड इंडेक्स होय. १०० या आकड्याचा अर्थ ८०० किलो, १०८ चा १,००० किलो, तर ११२ चा १,१२० किलो. मागच्या आसावर दोन टनांचा भार येणाऱ्या गाडीस दोनच मागची चाके असतील, तर १०८ हा आकडा काठोकाठ पुरतो. तेथे १०० आकड्याचे स्वस्त टायर बसविले, तर क्षमता चारशे किलोंनी घटते. म्हणजे पन्नास किलोचे आठ कट्टे निराधार होतात. शिवाय ही क्षमता पुरेशी हवा भरलेल्या टायरची आहे. हवा कमी असली की टायर अधिक दबतो, दबल्याने तापतो. त्यात अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो. मग टायर फुटला तर दोष दैवास का द्यावा?

जाणकार मिस्त्री 'आठ प्लाय', 'दहा प्लाय' अशी भाषा बोलतात. कापसाच्या या प्रदेशास हे ठाऊक असावे की, टायरमध्ये सुती धाग्यांचे थर असत त्या काळातील ही मोजणी आहे. आज सूत गेले, नायलॉन व पोलाद आले. तो आकडा आता थरांची संख्या नव्हे, तर ताकदीची प्रत सांगतो. मात्र अधिक प्रतीचा टायर घातला म्हणून गाडीची भारक्षमता वाढत नाही. आस, पाटे आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात. गाडीच्या निर्मात्याने सांगितलेल्या आकड्याहून कमी टायर घेऊ नये, आणि अधिकाचा घेतला तरी नोंदणीपत्रातील वजन ओलांडू नये, एवढाच याचा सरळ अर्थ आहे.

भाराच्या बाबतीत डोळा फसवितो. कापसाचा डोंगर पाहून वाटसरू दचकतो. पण फळीच्या आत नीट बसलेली तूर त्याहून कितीतरी जड असू शकते. खरे वजन भुईकाटाच सांगतो. जिनिंगच्या दारात आणि बाजार समितीत भरलेली गाडी काट्यावर चढते, किलोकिलोचा हिशेब होतो. परंतु तो केवळ मालाच्या पैशासाठी! त्याच पावतीवर गाडीचे अनुज्ञेय वजन छापले, तर अपराध तेथल्या तेथे उघडा पडेल. बाजार समित्यांनी हे काम उद्याच हाती घ्यावे.

कायदा अपुरा आहे, अशी तक्रार करण्यास जागा नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरचे माप व प्लाय रेटिंग यांसाठी स्वतंत्र नियम आहे. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारास वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड ठरला. उणीव आहे ती अंमलबजावणीची. योग्यता-प्रमाणपत्र देताना परिवहन कार्यालयाने टायरची झीज पाहावी, तसाच आकडाही वाचावा. दुकानदाराने गाडी कोणती, माल कोणता, हे विचारल्यावाचून टायर विकू नये.

आणि सुशिक्षितांनीही हा प्रश्न केवळ चालकांचा मानून स्वस्थ बसू नये. एका खेपेत सारे सामान नेण्याची घाई करणारा घरमालक आणि दोन कट्टे जास्त चढविण्याचा आग्रह धरणारा व्यापारी, हेही या पापाचे वाटेकरी आहेत. भाडे वाचते ते त्यांचे. जीव जातो तो चालकाचा, हमालाचा आणि समोरून येणाऱ्या निरपराध माणसाचा.