फॉरवर्ड केलं म्हणजे जपलं नाही

परवा मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी वही घेऊन आली. बोरूने 'नून' लिहिला होता. वाटी बरी उतरली होती, पण वर चढणारं टोक जाड राहिलं होतं. "सर, इथे बोरू वळवायचा की नुसता हलका करायचा?" तिने विचारलं.

मला उत्तर अर्धवटच येत होतं. पूर्ण उत्तर कुठे आहे ते मात्र माहीत होतं. आमच्या खत्तातीच्या, म्हणजे उर्दू सुलेखनाच्या हौशी मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तीनेक वर्षांपूर्वी एका वयस्क कातिबचाचांनी नेमक्या याच टोकावर चार मिनिटं बोलून व्हॉइस नोट टाकली होती आणि मागोमाग कागदाचा फोटो. रात्री जेवण झाल्यावर मी शोधायला बसलो. उर्दूत 'नून' टाकलं, देवनागरीत टाकलं, काही मिळालं नाही. रोमन लिपीत टाकलं तर तीन वर्षांचे 'गुड नून' वर आले. शेवटी तारखेच्या अंदाजाने अंगठा झिजवत तिथपर्यंत पोचलो. मध्यंतरी माझा फोन बदलला होता. व्हॉइस नोट उघडेना. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, असं फोन म्हणाला.

पाठवणारे चाचा दीड वर्षापूर्वी अल्लाहला प्यारे झाले.

ग्रुपवर विचारलं. दोनशेहून अधिक माणसं आहेत तिथे. तिघांनी लिहिलं, "मेरे पास था." एकाने भलत्याच उस्तादांचा व्हिडिओ पाठवला, नाव कापलेलं, वर संगीत चढवलेलं. बाकीच्यांनी चाचांसाठी दुआ केली. दुआ कबूल होवो, पण चाचांचा धडा कुणापाशीच नव्हता. तो आला तेव्हा चाळीस जणांनी 'माशाअल्लाह' लिहिलं होतं. त्यात मीही होतो.

मी शिक्षक आहे, बी.एड. झालेला आहे, दर पाठाला टाचण काढायची सवय असलेला माणूस आहे. म्हणून आधी स्वतःला दोष देतो आणि मग आपल्या सगळ्यांना. आपण धडे वाटतो, जपत नाही. आणि वाटलं की जपलं, अशी स्वतःची समजूत घालून झोपतो.

काही जण म्हणतील, हौसेची गोष्ट आहे, एवढं काय मनाला लावून घेता? तर थोडा इतिहास आठवू. एकेकाळी उर्दूचं प्रत्येक वर्तमानपत्र, प्रत्येक पुस्तक कातिबांच्या हातून उतरायचं. पोरगा उस्तादाशेजारी बसायचा, दवात भरायचा, बोरू तासायचा, वर्षानुवर्षं एकेक अक्षर घोटायचा. शिकवण्याची वेगळी व्यवस्था लागत नव्हती, कारण पोट त्यावर चालत होतं. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून मोनोटाइप कंपनीने नूरी नस्तालीक तयार केलं. हजारो जोडअक्षरं यंत्रात गेली. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीचं इनपेज आलं आणि गल्लीतल्या छापखान्यातही संगणकावर नस्तालीक उमटू लागलं. चेन्नईचं 'द मुसलमान' हे १९२७ सालचं दैनिक हाताने लिहिलं जातं म्हणून जगभर नावाजलं गेलं, याचा अर्थच असा की बाकी सगळीकडे कातिबांची बैठक उठली होती.

मला संगणकाशी भांडायचं नाही. माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका मी इनपेजवरच करतो. मुद्दा एवढाच, की जी विद्या रोजगारामुळे आपोआप पुढे जात होती तिला आता रोजगाराचा आधार उरला नाही. ती आता हौशी लोकांच्या हातात आहे. शाळेतली मुलगी, बँकेतला कारकून, दवाखान्यातली नर्स, रात्री दहानंतर बोरू घेऊन बसणारी ही माणसं. कातिब निष्काळजी असता तरी शेजारी दुसरा कातिब होता. हौशी माणूस निष्काळजी असला तर शेजारी कोणी नाही.

मराठी वाचकांना हे वेगळं सांगायला नको. मोडी लिपी याच वाटेने गेली. दरबारातून, कचेरीतून, शाळेतून उठली आणि हौशी अभ्यासकांच्या हाती आली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत आणि ते सरावाने वाचू शकणारी माणसं थोडी. तीही बोरूनेच लिहिली जात होती. एका बोरूची गोष्ट डोळ्यांसमोर असताना दुसऱ्या बोरूबाबत आपण तीच चूक करतो आहोत.

विद्या हरवण्याचे दोन मार्ग आपल्याकडे जुने आहेत. पहिला म्हणजे लपवणं. बगदादचे थोर खत्तात इब्न अल-बव्वाब, मृत्यू १०२२, यांनी खत्ताती शिकवणारी एक कविता लिहिली. इब्न खल्दून यांनी ती 'मुकद्दिमा'त नोंदवून ठेवली आहे. त्यात कलम निवडण्यापासून शाईपर्यंत सगळं सांगितलं आहे. पण कलमाचं टोक कापायची, म्हणजे 'कत' द्यायची वेळ आली की उस्ताद हात आखडता घेतात. हे गुपित माझ्याकडून उघड होण्याची आशा धरू नका, असं बजावतात आणि नुसता इशारा देऊन पुढे जातात. आपल्या मोहल्ल्यातही असे उस्ताद होते. शागिर्दाकडे पाठ करून बोरू कापायचे.

उलट उदाहरणही आहे. सुलतान अली मशहदी यांनी १५१४ मध्ये फारसीत पद्यमय ग्रंथ रचला. कलम, शाई, कागद, सराव, सगळं त्यात घातलं. पद्यात का? पाठ व्हावं म्हणून. म्हणजे धडा टिकेल कसा, सापडेल कसा, याचा विचार पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस करत होता. त्याच्याकडे इंटरनेट नव्हतं.

आपण काढलेला दुसरा मार्ग म्हणजे उधळणं. लपवणाऱ्याचं निदान शागिर्दाला ठाऊक असायचं की काहीतरी राहिलं आहे. उधळणाऱ्याच्या दारात सगळ्यांना वाटतं की सगळं मिळालं आहे.

"सगळं यूट्यूबवर आहे की!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता हसू येतं. आहे, जरूर आहे. तीस सेकंदांत बिस्मिल्लाह लिहून होते, डोळे दिपतात. पण बोरू कोणत्या कोनात कापला, चीर म्हणजे शिगाफ किती खोल दिली, दवातीत रेशमाचा लीका का ठेवला, हे त्यात नसतं. अलिफ उभा करण्याआधी नुक्ता शिकावा लागतो, कारण बोरूच्या टोकाने टेकवलेला तो चौकोनी ठिपकाच सगळ्याचं माप आहे. नस्तालीकचा अलिफ साधारण तीन नुक्ते उंच. हे ज्याला कोणी सांगितलं नाही तो वर्षभर सुंदर व्हिडिओ पाहतो आणि वाकडे अलिफ काढतो. धड्याला क्रम लागतो. आधी काय येत असावं, आज काय शिकायचं, चूक कुठे होते, ती कशी ओळखायची, हे लागतं. बी.एड.च्या पहिल्या महिन्यात हे शिकवतात. ढिगाऱ्याला पाठ्यक्रम म्हणत नाहीत.

आणि तो ढिगाराही आपल्या मालकीचा नाही. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली. निर्णय बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवा. पण कित्येक कारागिरांनी तिथे टाकलेले धडे भारतातल्या शागिर्दांना एका रात्रीत दिसेनासे झाले. २०१७ मध्ये फोटोबकेटने दुसऱ्या साइटवर फोटो दाखवायचे वर्षाला ३९९ डॉलर मागितले, तेव्हा जगभरच्या हौशी मंडळींच्या 'असं करा' छापाच्या धड्यांतली चित्रं गेली आणि नुसता मजकूर राहिला, "खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे". याहू ग्रुप्सचा वर्षानुवर्षांचा साठा काढला गेला आणि २०२० मध्ये ती सेवाच बंद पडली. भाड्याच्या घरात बापजाद्यांची पेटी ठेवून चावी घरमालकाला द्यायची, असला हा प्रकार.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. जुनेजाणते म्हणतात, ही विद्या उस्तादासमोर गुडघे टेकून बसल्याशिवाय येत नाही, फाइली करून काय होणार? मान्य. हाताला हातच वळण देतो. पण तालुक्याच्या गावी उस्ताद कुठून आणायचा? आणि कातिबाच्या दुकानात, पुरुषांच्या बैठकीत, माझ्या शाळेतली ती मुलगी कधी बसणार होती? तिच्यासाठी नीट लावलेला धडा हाच उस्ताद आहे. शिवाय आपली परंपरा सनद मानणारी आहे. कोण कोणाकडून शिकला, इजाजत कोणी दिली, याची साखळी आपण सांभाळली. त्याच परंपरेची लेकरं आज उस्तादाचं नाव कापून व्हिडिओ पुढे ढकलतात. याला काय म्हणायचं?

दुसरा आक्षेप रोजीरोटीचा. काही उस्ताद फी घेऊन ऑनलाइन वर्ग चालवतात. त्यांचे धडे उचलून फुकट वाटणं ही चोरी आहे, जतन नाही. आधी विचारा. नाही म्हणाले तर यादीत फक्त त्यांचं नाव, विषय आणि वर्गाची माहिती लिहा. शागिर्द त्यांच्या दारापर्यंत पोचेल. ज्यांनी स्वतःहून, खुल्या दिलाने ग्रुपवर शिकवलं, त्यांचं तरी आधी सांभाळा.

मग करायचं काय? फार मोठं नाही. प्रत्येक धड्याला एकाच पद्धतीचं नाव द्या: लिपी, अक्षर, मुद्दा, उस्ताद, महिना. 'नस्तालीक, नून, टोक कसं बारीक करावं' असं लिहिलं की सापडतं; 'मस्त आहे, जरूर पाहा' असं लिहिलं की मरतं. एक फेहरिस्त करा आणि ती शिकण्याच्या क्रमाने लावा: बोरू, शाई, कागद, नुक्ता, मग मुफरदात म्हणजे सुटी अक्षरं, मग मुरक्कबात म्हणजे जोडणी, मग पूर्ण ओळ. व्हॉइस नोट ऐकून कागदावर उतरवा, कारण आवाजात शोधता येत नाही. उर्दूत उतरवा, मराठीतही उतरवा. कितीतरी मराठी शाळेत शिकलेली आपली मुलं आणि बाहेरचे रसिकही शिकू पाहतात. दोन उस्तादांचं एकमत नसेल तर दोन्ही ठेवा, आपली अक्कल लावून मधला मार्ग काढू नका. प्रती तीन हव्यात: दोन वेगवेगळ्या माणसांकडे आणि एक छापून शाळेच्या किंवा मोहल्ल्याच्या वाचनालयात. कागदाला पासवर्ड लागत नाही.

कोण करणार? सरकारी परिषदा, अकादम्या करतील, असं म्हणणाऱ्यांना विचारतो, तुमच्या फोनमधली व्हॉइस नोट त्यांना कशी दिसणार? ते तुम्हालाच करावं लागेल. आठवड्याला एक धडा, अर्धा तास, पाळीपाळीने. 'माशाअल्लाह' लिहिणारे चाळीस जण होते. प्रत्येकाने एक धडा उतरवला असता तर आज चाचांच्या नावाची वही झाली असती. मरहूमच्या नावाने यापेक्षा मोठा सदका-ए-जारिया कोणता?

मी सुरुवात केली आहे. चाचांच्या कागदाचा धूसर फोटो एकाच्या जुन्या फोनात सापडला. आवाज सापडला नाही. फोटोत नूनच्या टोकाशी चाचांनी छोटा बाण काढला आहे. बाण कोणत्या हालचालीचा, ते ते बोलले होते.

त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. शेजारच्या गावात एक म्हातारे कातिब आहेत, दृष्टी अधू झाली आहे, हात अजून ठीक आहे. रविवारी तिला आणि तिच्या अब्बांना घेऊन जाणार आहे. या वेळी वही घेऊन जाणार आहे, आणि घरी परतल्यावर त्याच रात्री उतरवणार आहे.

तुमच्या फोनात कोणाचा आवाज पडून आहे? तो माणूस हयात असेल तोवर विचारून घ्या.