सही कोणाची, दंड कोणास?

नगर-पुणे मार्गावरील केडगाव आता अहिल्यानगर महापालिकेचे उपनगर झाले आहे. तेथल्यासारख्या वस्तीतून मासिक वेतनावर संसार चालविणाऱ्या गृहस्थांस उद्देशून आज आम्ही लिहीत आहो. कापलेला प्राप्तिकर परत मिळवून देतो, त्यातील हिस्सा मात्र माझा, असे सांगणारा मध्यस्थ भेटला म्हणजे पदवीधर मनुष्यही आपला परवलीचा शब्द त्याच्या स्वाधीन करतो. घराची किल्ली आपण अशी कोणास देऊ काय?

ही भीती काल्पनिक नव्हे. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने देशभर सुमारे १५० ठिकाणी पडताळणी केली. ज्या प्रांतांतून असले प्रकार उघडकीस आले त्यांत आपला महाराष्ट्रही होता. न दिलेले घरभाडे, न केलेल्या देणग्या, न काढलेली शैक्षणिक कर्जे दाखवून परतावे मागितले होते. त्याहून वाईट असे की, या कामापुरते तात्पुरते ई-मेल पत्ते काढून मागाहून ते सोडून दिले जात. यामुळे सरकारी नोटिसा वाचल्यावाचून पडून राहिल्या. त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे आपण होऊन मागे घेतले.

विवरणपत्र कोणीही भरो, कायद्यापुढे उत्तर द्यावयाचे ते करदात्याने. माहिती जाणूनबुजून खोटी दिली असे ठरल्यास चुकविलेल्या कराच्या दुप्पट दंड, शिवाय व्याज. मध्यस्थ आपला हिस्सा घेऊन केव्हाच गेलेला असतो!

आणि हे असत्य हवे तरी कशास? आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो; पगारदारास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट निराळी. शेअरविक्रीच्या नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नास ही सवलत नाही, हे मात्र विसरू नये. तसेच कर नाही म्हणून विवरणपत्रही नको, ही समजूत चुकीची आहे. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की ते भरलेच पाहिजे, आणि बँकेने कापलेला कर परत हवा असल्यास त्यावाचून गत्यंतर नाही.

सरकारही निर्दोष नाही. १९६१ च्या कायद्यातील ८१९ कलमे २०२५ च्या कायद्याने ५३६ वर आणली, हे ठीक. पण ५३६ कलमे सामान्य मनुष्याने कोणत्या फुरसतीत वाचावी? पगारातून कर कापणाऱ्या प्रत्येक मालकाने वर्षातून एक सायंकाळ आपल्या नोकरांस फॉर्म १६ चा अर्थ मराठीत समजावून देण्याकरिता राखावी, अशी आमची सूचना आहे. खर्च चहापुरता.

ज्यांच्या नावे खोटा दावा गेला असेल त्यांस ४८ महिन्यांपर्यंत सुधारित माहिती देऊन, जादा कर भरून मोकळे होण्याची वाट सामान्यतः खुली असते. चौकशीची नोटीस आल्यावर ती बंद होऊ शकते. म्हणून आजच खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावापुढे कोणाचा भ्रमणध्वनी व कोणाचा ई-मेल नोंदविला आहे, तेवढे पाहून घ्यावे.