माळावर झाडांची सक्ती कशाला?


'पुणे-सोलापूरचे उजाड माळ हिरवे करा' हे पत्र वाचले. लेखकाची कळकळ खरी, पण निदान चुकले. तो प्रदेश जंगल तुटून उरलेला आहे, हे गृहीतकच तपासायला हवे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लीळाचरित्रासारख्या जुन्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख धुंडाळले. तिथे शेकडो वर्षांपूर्वीही मुख्यतः गवत आणि काटेरी झाडे दिसतात.

असा माळ म्हणजे सॅव्हाना, विरळ झाडांचा गवताळ प्रदेश. ती ओळखायची झाडांच्या संख्येवरून नाही, खालच्या गवतावरून. कुसळीसारखी उष्ण प्रदेशातली गवते भरपूर उन्हात वाढतात, चराई आणि वणवा सोसतात. हिवर, बाभळी विरळ असतात म्हणूनच ही गवते टिकतात. आपल्या सरकारी मोजणीत मात्र एक हेक्टरवर झाडांचे दहा टक्के छत्र दिसले की ते वनाच्छादन. त्याखाली गवत आहे की पालापाचोळा, हे कोणी पाहत नाही. आणि छत्र कमी भरले की तीच जमीन पडीक ठरते! मग खड्डे खणले जातात, गिरिपुष्प लावले जाते. सोलापूरजवळचे नान्नज ज्याच्यासाठी ओळखले जाते, तो माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. त्याने सावलीचे काय करावे?

आम्ही मीरा रोडकर संजय गांधी उद्यानाच्या शेजारचे. हिरवे म्हणजे दाट झाडी, अशी आमचीही समजूत. पण तिथे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, सोलापूर जिल्ह्यात जेमतेम पाच-सहाशे. लेखकाने रोपे जरूर लावावीत, आमच्या सिल्व्हर पार्कच्या रस्त्यांवर खुशाल लावावीत.

— एक वाचक, सिल्व्हर पार्क, मीरा रोड (पूर्व)