नाकाबंदी हवी, पण फिरती



शिमगा, लगीनसराई आणि चैत्रातली विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा, या दिवसांत कासा-चारोटी परिसरात पिऊन गाडी हाणणारे किती दिसतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. अशा वेळी नाकाबंदीची मागणी होते. ती रास्तच आहे. पण नाका रोज त्याच जागी लागणार असेल, तर तो केवळ देखावा ठरतो.

नाका लागल्याची बातमी पोलिसांच्या शिट्टीआधी पोहोचते. समोरून येणारा हेडलाइट दोनदा मिचकावतो, ट्रिपल सीटवरचे दोघे उतरून पायी निघतात आणि झिंगलेला गडी पाड्यातल्या आडरस्त्याला लागतो. सापडतो तो कागद घरी विसरलेला.

एकाच जागचा नाका बरा की फिरता, याची राजस्थान पोलिसांनी रीतसर परीक्षा घेतली आहे. नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो त्या अभ्यासात होते. जागा बदलत्या ठेवलेल्या नाक्यांमुळे रात्रीचे अपघात 17 टक्क्यांनी आणि मृत्यू 25 टक्क्यांनी घटले. एकाच जागच्या नाक्यांचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. पोलीस ठाण्याच्या शिपायांपेक्षा खास नेमलेल्या पथकांचे काम सरस ठरले.

कायदा कडक आहेच. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडल्यास पहिल्या गुन्ह्यालाही 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपये दंड आहे. कमी आहे ती पकडले जाण्याची धास्ती. म्हणून महामार्गाबरोबरच कासा-तलवाडा, कासा-सायवन आणि उधवा-तलासरी रस्त्यांवर आज इथे, उद्या तिथे नाका लागावा. पथकाकडे श्वासतपासणीचे यंत्र असावे आणि दंड ई-चलानानेच व्हावा, म्हणजे चिरीमिरीची कुजबुजही थांबेल.

विनापरवाना चालवणाऱ्यांचा प्रश्न मात्र नुसत्या दंडाने सुटणार नाही. मजुरी करणाऱ्या पोराला कायद्यातला 5 हजारांचा दंड झेपत नाही आणि पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी वसई तालुक्यातले परिवहन कार्यालय गाठायचे, तर दिवसाची मजुरी बुडते. परिवहन विभागाने कासा आणि तलासरीत दरमहा शिबिर भरवावे. त्यानंतरही जो परवाना काढणार नाही, त्याची गय नको. प्यालेल्याची तर आजही नको.

पालघर पोलिसांनी आणि परिवहन विभागाने येत्या यात्रेपूर्वी हे दोन्ही सुरू करावे, ही विनंती.

– एक वाचक, कासा (ता. डहाणू, जि. पालघर)