खेकडे आणि दप्तर

२ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून पायथ्याच्या वस्तीतील वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली, तेव्हा राज्याच्या तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी त्या अनर्थाचे खापर खेकड्यांच्या माथी फोडले आणि साऱ्या महाराष्ट्राने त्या विधानाची यथेच्छ टवाळी केली. टवाळी रास्तच होती. परंतु तिच्या भरात मूळ प्रश्न बाजूस पडला, हे आम्हांसही कबूल केले पाहिजे. धरणास गळती लागल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. त्या अर्जांवर आवक क्रमांक कोणत्या तारखेस पडला, कोणत्या मेजावर ते किती दिवस पडून राहिले, पाहणीस कोण गेले व त्यांनी शेरा काय मारला, दुरुस्तीचे अंदाजपत्रक कोणी मंजूर केले आणि देयक कोणाच्या सहीने अदा झाले, हे सारे ज्या दप्तरात नमूद असावयास हवे ते दप्तर आपद्ग्रस्तांपुढे उघडले असते, तर खेकड्यांना साक्षीस बोलावण्याचा प्रसंगच आला नसता.

आपत्तीतून वाचलेला माणूस आणि सरकारी दप्तर यांची गाठ मोठ्या विषम स्थितीत पडते. त्याचा सातबाराचा उतारा, शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले पाण्याने नेलेले असतात. सरकारचा कागद मात्र तालुक्याच्या कोरड्या कपाटात शाबूत असतो. शाळेच्या व्हरांड्यात मांडी ठोकून तलाठी पंचनामा लिहितो (भिंती किती पडल्या, जनावरे किती दगावली, कणगीतले भात किती भिजले), खाली सही किंवा अंगठा घेतो आणि कागद पिशवीत घालून पुढच्या घराकडे वळतो. त्याच पंचनाम्याची नक्कल हवी असल्यास दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करावयाचा, तीस दिवस वाट पाहावयाची आणि पानामागे दोन रुपये मोजावयाचे. रक्कम क्षुल्लक आहे. पण जे आपणच सांगितले आणि ज्याखाली आपणच अंगठा उठविला, तेच याचक होऊन मागावयाचे, ही मानहानी क्षुल्लक नव्हे.

वस्तुतः कायदा याहून उदार आहे. २००५च्या माहिती अधिकार अधिनियमाच्या चौथ्या कलमाने पुष्कळशी माहिती कोणी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सरकारी कार्यालयांवर टाकले आहे, आणि त्याच अधिनियमाच्या सातव्या कलमाने जीवित वा स्वातंत्र्याशी निगडित माहिती ४८ तासांत देण्याचा दंडक घातला आहे. असे असता ‘प्रकरणाची चौकशी चालू आहे’ या चार शब्दांवर अर्जदाराची बोळवण होते. चौकशी चालू असणे एवढेच कारण पुरेसे नाही, माहिती दिल्याने तपासास बाध कसा येईल हे दाखविले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ सालीच सांगितले आहे. ते तालुक्याच्या कचेरीपर्यंत अद्याप पोहोचलेले दिसत नाही.

याहून सूक्ष्म पळवाट चौकशीच्या नावातच आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या, तेव्हा न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग नेमला गेला आणि त्यांच्या निधनानंतर ते काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे आले. चौकशी आयोगाच्या १९५२च्या कायद्यात १९७१ साली अशी भर पडली की, आयोगाचा अहवाल सरकारच्या हाती आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, त्यावर काय कारवाई केली याच्या टिपणासह, विधिमंडळापुढे ठेवलाच पाहिजे. मात्र या कायद्याबाहेर नेमलेल्या ‘समिती’ला किंवा ‘विशेष तपास पथका’ला हे बंधन लागू नाही; आणि तिवऱ्यास नेमले गेले ते विशेष तपास पथक. शब्द बदलला की अहवालाचे स्वामित्वही बदलते! पश्चिम घाटाविषयीचा माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०११मध्ये सादर झाला होता. तो जनतेच्या दृष्टीस पडण्यासाठी केंद्रीय माहिती आयुक्तांचा आदेश व्हावा लागला, त्याविरुद्ध मंत्रालय उच्च न्यायालयात गेले, आणि तेथे हरल्यानंतरच मे २०१२मध्ये तो बाहेर आला. ज्या अहवालासाठी सरकारी खजिन्यातून पैसे मोजले गेले, तोच दडविण्याच्या खटल्याचा खर्चही त्याच खजिन्यातून व्हावा, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो?

आमची मागणी मोठी नाही. सहा महिन्यांचे बंधन, नाव काहीही असो, आपत्तीच्या प्रत्येक चौकशीस लावावे. अहवाल मराठीत असावा आणि त्याची प्रत त्या गावच्या ग्रामपंचायतीत ठेवलेली असावी. पंचनाम्याची नक्कल तलाठ्याने त्याच व्हरांड्यात, अंगठा उठविणाऱ्याच्या हातात द्यावी. आरंभ तिवऱ्यापासून करता येईल: गळतीच्या तक्रारीचे अर्ज, त्यांवरील शेऱ्यांसह, तेथील ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास ना नवा कायदा लागतो, ना नवी समिती.