मिलवॉकीची गर्दी आणि मिलवॉकीची तिजोरी

१/ बेसबॉलचा संघ शहर सोडून गेला की दोष हमखास प्रेक्षकांच्या माथी मारला जातो. खुर्च्या रिकाम्या राहिल्या, म्हणून संघ गेला, असे सांगितले जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या मिलवॉकी शहराचा इतिहास या समजुतीला छेद देतो. प्रेक्षकसंख्येचे विक्रम करूनही त्या शहराने संघ गमावला आणि त्या धसक्याची किंमत ते आजही मोजत आहे.

२/ १९५२ मध्ये बोस्टन ब्रेव्ह्ज या संघाचे सामने पाहायला संपूर्ण हंगामात २,८१,२७८ प्रेक्षक आले. मिलवॉकीत सार्वजनिक पैशातून नवे स्टेडियम उभे राहिले होते. मार्च १९५३ मध्ये संघ तेथे गेला आणि त्याच हंगामात प्रेक्षकसंख्या १८,२६,३९७ झाली. १९५७ मध्ये ती २२ लाखांपुढे गेली. त्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीजला हरवून ब्रेव्ह्जने वर्ल्ड सिरीज जिंकली.

३/ पुढे ओहोटी लागली. नवलाई ओसरली, संघाची कामगिरी घसरली, १९६१ मध्ये शेजारच्या मिनेसोटातही संघ आला. १९६२ मध्ये प्रेक्षकसंख्या ७,६६,९२१ वर उतरली. त्याच वर्षी संघ शिकागोस्थित गुंतवणूकदारांच्या हाती गेला. दक्षिणेतील अटलांटा शहर सार्वजनिक खर्चाने स्टेडियम बांधू लागले. त्याच्या भोवती दूरचित्रवाणीचा विस्तीर्ण, प्रतिस्पर्धी नसलेला प्रदेश होता.

४/ स्थलांतराचा निर्णय ऑक्टोबर १९६४ मध्ये झाला. त्या हंगामात मिलवॉकीची प्रेक्षकसंख्या पुन्हा वाढून ९ लाखांपुढे गेली होती. स्टेडियमच्या करारामुळे संघाला १९६५ चा हंगाम तेथेच खेळावा लागला. जाणारच असलेल्या संघाचे सामने पाहायला ५,५५,५८४ लोक आले. रिकाम्या खुर्च्यांचा पुरावा म्हणून दाखवला जाणारा हा आकडा मुळात निर्णयानंतरचा आहे.

५/ विस्कॉन्सिन राज्य न्यायालयात गेले. कनिष्ठ न्यायालयाने राज्याच्या बाजूने कौल दिला. पण १९६६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ४ विरुद्ध ३ मतांनी फिरवला. १९२२ पासून बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट होती. ज्या खेळासाठी शहराने स्टेडियम बांधले, त्या खेळावर शहराचा कोणताही कायदेशीर हक्क नव्हता.

६/ आता अटलांटाकडे पाहावे. १९७५ मध्ये तेथे ब्रेव्ह्जला ५,३४,६७२ प्रेक्षक लाभले, म्हणजे मिलवॉकीच्या अखेरच्या हंगामाहूनही कमी. तरीही संघ हलला नाही. पुढच्याच वर्षी टेड टर्नर यांनी तो विकत घेतला आणि आपल्या वाहिनीवरून त्याचे सामने देशभर दाखवले. संघाचे भवितव्य केवळ तिकीटखिडकीवर ठरत नव्हते, हे यावरून उघड होते.

७/ मिलवॉकीला दुसरा संघ मिळाला, तोही दुसऱ्या शहराच्या दुःखातून. सिएटल पायलट्स एकाच हंगामानंतर दिवाळखोरीत निघाला. १९७० मध्ये स्थानिक मोटारविक्रेते बड सेलिग यांच्या गटाने तो विकत घेतला आणि त्याचे नाव ब्रुअर्स ठेवले. मिलवॉकीने सिएटलला तीच जखम दिली, जी पाच वर्षांपूर्वी तिने स्वतः सोसली होती.

८/ १९९० च्या दशकात ब्रुअर्सने नवे स्टेडियम मागितले, तेव्हा ही जुनी जखम कामी आली. एप्रिल १९९५ मध्ये मतदारांनी स्टेडियमसाठीच्या लॉटरीचा प्रस्ताव फेटाळला होता. तरीही त्याच वर्षी विधिमंडळाने पाच काउंटींत ०.१ टक्का विक्रीकर मंजूर केला. ऐनवेळी मत बदलणारे सिनेटर जॉर्ज पेटॅक यांना १९९६ मध्ये मतदारांनी परत बोलावले. कर मात्र २०२० पर्यंत चालू राहिला. सामना कधीही न पाहणाऱ्यानेही तो भरला.

९/ संघामुळे शहराला ओळख मिळते, हे खरे आहे. वडिलांचा हात धरून पाहिलेल्या पहिल्या सामन्याचे मोल ताळेबंदात मांडता येत नाही. पण स्टेडियममुळे शहर श्रीमंत होते, हा दावा टिकत नाही. तिकिटावर खर्च होणारा पैसा बहुतांशी त्याच शहरातील चित्रपटगृहातून वा उपाहारगृहातून वळलेला असतो. ओळखीसाठी पैसे द्यायचे असतील, तर ते ओळखीसाठी आहेत असे सांगून, मतदान घेऊनच द्यावेत.

१०/ पर्यायाचे उदाहरण त्याच राज्यात आहे. ग्रीन बे या छोट्या शहरातील पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९२३ पासून सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे. त्या शेअरवर लाभांश मिळत नाही. स्टेडियमसाठी तेथेही विक्रीकर लागला; पण २००० मध्ये तो मतदारांनी स्वतः मंजूर केला होता आणि संघ दुसरीकडे नेण्याची धमकी देणारा मालकच तेथे नव्हता.

११/ २०२३ च्या अखेरीस विस्कॉन्सिनने ब्रुअर्सच्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी सुमारे ५० कोटी डॉलर सार्वजनिक निधी मंजूर केला. बदल्यात संघ २०५० पर्यंत मिलवॉकीत राहील. म्हणजे शहराने संघ विकत घेतला नाही, त्याचे न जाणे तेवढे विकत घेतले. २०५० मध्ये वाटाघाटी पुन्हा सुरू होतील. तेव्हा मैदानात किती माणसे बसतात, यापेक्षा १९६५ ची आठवण किती तीव्र आहे, यावरच किंमत ठरण्याची शक्यता अधिक आहे.