उन्हाळ्याची शाकारणी

दरवर्षी एप्रिल उजाडला की पेपरात तीच चौकट येते. दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका, डोक्याला दुपट्टा बांधा, पाणी पीत राहा, सुती कपडे घाला. सल्ला चूक नाहीये. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि आम्हा प्रोग्रामर लोकांना गृहीतकं हुडकायची वाईट खोड असते. गृहीतक असं की घर बाहेरपेक्षा थंड असतं.

माझं घर अमरावतीचं, आजोळ अकोल्याचं. दोन्ही गावांत असे हजारो लोक आहेत ज्यांचं घर दुपारी ३ वाजता बाहेरच्या कडुलिंबाच्या सावलीपेक्षा जास्त तापलेलं असतं. टिनाचं छप्पर, चार-साडेचार इंची विटांची भिंत, एक खिडकी आणि तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. अशा घरातल्या म्हातारीला "घराबाहेर पडू नका" म्हणणं म्हणजे तव्यावरून उतरू नका म्हणणं. म्हणूनच त्या वस्त्यांमध्ये नवतपाच्या दुपारी माणसं ओट्यावर, झाडाखाली, देवळाच्या सभामंडपात बसलेली दिसतात. त्यांना उन्हाचं गांभीर्य कळत नाही असं नाही. उलट आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या पुढे गेल्यावर अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी चक्क कलम १४४ लावलं होतं. पुण्यातल्या ऑफिसात यावर बरेच विनोद झाले ("आता सूर्याला अटक करणार का?" वगैरे). आदेश तसा शहाणपणाचा होता. मजुरांना पाणी आणि सावली द्या, शिकवण्यांच्या वेळा बदला असं त्यात होतं. पण हा सगळा विचार कामाच्या जागेचा आणि रस्त्याचा. माणूस घरी परतल्यावर काय, हा प्रश्न कुणाच्याच खात्यात येत नाही.

आता थोडं गणित करू. कंटाळू नका, सोपं आहे :)

मे महिन्यात भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं. म्हणजे तेवढ्या छपरावर २५ किलोवॅट उष्णता ओतली जातेय. दीड टनाचा एसी खोलीतून साधारण ५ किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. हिशेब तुम्हीच करा, पाच एसी लागतील एवढी उष्णता एका खोली-स्वयंपाकघराच्या डोक्यावर. अर्थात सगळी आत येत नाही, बरीचशी वारा नेतो, काही परत आकाशात जाते. पण गंजलेलं टिन ऊन पिऊन साठ अंशांच्या पुढे सहज जातं आणि मग दिवसभर वरून शेकत राहतं. पंखा लावला तर तीच हवा अंगावर. टिन निदान रात्री लवकर निवतं तरी. सिमेंटचा स्लॅब दिवसभराची उष्णता साठवतो आणि रात्री १-२ वाजेपर्यंत सावकाश परत देतो. म्हणून आमच्याकडे स्लॅबची घरंवाले गच्चीवर झोपतात, आधी पाण्याचा सडा मारून.

चकचकीत नवं टिन तापत नाही असा एक समज आहे. ते ऊन बऱ्यापैकी परतवतं, पण जी उष्णता शोषतं ती बाहेर टाकण्यात फार आळशी असतं, त्यामुळे तेही तापतंच. पांढरा रंग दोन्ही कामं करतो, ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णता पटकन सोडतो. बस, एवढंच विज्ञान आहे. छप्पर पांढरं केल्याने घरातलं तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरतं. ४४ च्या जागी ४० म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे, पण तान्ह्या बाळाला आणि बीपीच्या पेशंटला तो फरक विचारा.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, आणि २०१७ पासून वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला सुरुवात केली. महिला हाउसिंग ट्रस्टसारखी संस्था तर वस्तीतल्या बायकांनाच हाताशी धरून हे काम करते. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरणच आणलं. आणि तिकडे अमेरिकेत, १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७६ च्या एका कायद्याने गरिबांची घरं हवामानाला तोंड देण्याजोगी करून देणारी सरकारी योजना सुरू झाली. फटी बुजवणं, भिंतीत-छतात उष्णतारोधक थर भरणं, असली साधी कामं. तिथे प्रश्न मुख्यतः थंडीचा होता. पण विचार बघा. इंधनाच्या बिलाला दरवर्षी मदत देत बसण्यापेक्षा घरच एकदा नीट करून द्या. आणि भाडेकरू असला तरी घरमालकाच्या परवानगीने त्याला ही मदत मिळते.

या कामाला मराठीत शब्द शोधायला बसलो तर फार लांब जावं लागलं नाही. शाकारणी. पाऊस येण्याआधी कवेलू फेरायचे, फुटके बदलायचे, गळकी जागा बघून ठेवायची. वर्षानुवर्षं गावोगावी हे व्हायचं, कुणी जीआर काढावा लागला नाही. पावसासाठी आपण घर तयार करतो. उन्हाळा मात्र फक्त सोसतो.

खरं तर पूर्वी सोसावा लागत नव्हता इतका. वऱ्हाडातली जुनी धाब्याची घरं आठवा. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडाच्या सऱ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, दारावर वाळ्याची ताटी. दुपारी आत गेलं की डोळ्यांना अंधार आणि अंगाला गारवा. पण त्या घरांची दरवर्षी डागडुजी लागते, पावसात माती बसते, उंदीर-घुशी पोखरतात. ज्यांना टिन परवडलं त्यांनी टिन घातलं, आणि त्यांना नावं ठेवायचा आपल्याला काही अधिकार नाही. टिन गळत नाही, लवकर बसतं, घर बदललं तर काढून नेता येतं. फक्त ते उन्हाळ्यात घर राहत नाही.

लोक गप्प बसलेले नाहीत. टिनावर तुराट्या, पऱ्हाट्या, ओली पोती टाकतात, निवडणुकीनंतरचे फ्लेक्स अंथरतात (नेत्यांचा एवढा तरी उपयोग!). पण वाळलेल्या तुराट्या म्हणजे वस्तीत आगीला आमंत्रण. कुलर आहेच, आणि आपल्या कोरड्या हवेत तो छान चालतो. पण कुलरला पाणी लागतं. अकोल्याचं पाणी काटेपूर्णा धरणातून, अमरावतीचं अप्पर वर्धातून, आणि नळ रोज येत नाही. ज्या घरात प्यायचं पाणी ड्रममध्ये साठवतात तिथे कुलरमध्ये बादल्या ओतायच्या कशा? शिवाय दुपारी लाईट गेली की कुलर हा नुसता पत्र्याचा डबा. पांढऱ्या छपराला ना पाणी लागतं ना वीज.

आता सरकारी बाजू बघा. स्लॅबवर सोलर पॅनल बसवायला २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान ठेवलं. चांगली योजना आहे, पण ती ज्याच्याकडे पक्कं छत आणि स्वतःच्या नावाचं मीटर आहे त्याच्यासाठी. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली, तिच्यात छतातून किती उष्णता आत यावी याला मर्यादा आहे. पण संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यापेक्षा मोठ्या भूखंडांसाठी. म्हणजे छताची काळजी फ्लॅटवाल्यांना, आणि घरकुलवाल्याने साधा स्लॅब टाकून रात्रभर भाजून निघायचं. देशाचा कूलिंग आराखडा २०१९ मध्ये आला, त्यात 'सर्वांसाठी' थंडाव्याची भाषा आहे. भाषा छान आहे.

"सगळ्यांना घरकुल मिळालं की प्रश्नच मिटेल" असं एक मित्र म्हणाला. नाही मिटणार. एक तर वर सांगितलं तसं नुसता स्लॅबही तापतो. दुसरं, घरकुलाला जागेचा कागद लागतो. नझूलच्या जागेवर, अतिक्रमणात किंवा भाड्याने राहणाऱ्याचं काय? छप्पर रंगवायला सातबारा लागत नाही. हाच या कामाचा सगळ्यात मोठा गुण आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. अकोला आणि अमरावती या दोन महापालिकांनी उष्णतेच्या तयारीत एक ओळ वाढवावी: मार्च संपायच्या आत सगळ्यात तापणाऱ्या वस्त्यांमधली छपरं पांढरी करणे. सुरुवात अंगणवाड्या आणि शाळांपासून. काम बचत गटांना द्या, मजुरी वस्तीतच राहील. स्लॅबला चुना चालतो, खर्च शेकड्यांत. टिनावर चुना टिकत नाही, उलट ओला चुना जस्ताचा थर खातो, तिथे प्रायमर मारून पांढरा परावर्तक रंगच हवा, खर्च काही हजारांत. धूळ बसली की परिणाम कमी होतो, म्हणून दरवर्षी धुणं आणि चुना दर एक-दोन वर्षांनी पुन्हा. होय, मेंटेनन्स आहेच. कुठल्या सिस्टीमला नसतो? आणि घरकुलाच्या नकाशातच छतावर पांढऱ्या टाईल्सचे तुकडे बसवायची अट घाला, म्हणजे तो खर्च एकदाच.

आणि आपण? आपण पुण्या-मुंबईत बसून घरच्यांसाठी ऑनलाईन एसी मागवतो, त्यात वाईट काहीच नाही. पण आपल्या घरी धुणं-भांडी करायला येणाऱ्या मावशींचं घर कशाचं आहे हे घरी फोन करून एकदा विचारा. टिनाचं असेल तर दोन डबे रंग, एक प्रायमर आणि एका रविवारची मजुरी, एवढा आपला वीकेंडचा हॉटेलचा खर्च असतो. सरकारने करायचं ते काम आपण अंगावर घ्यावं असं मी म्हणत नाही, त्याच्यासाठी नगरसेवकाच्या मागे लागायलाच हवं. पण मार्च कुणासाठी थांबत नाही.

यंदाची चौकट पेपरात येईलच. 'घरात थांबा' हे वाचताना घर कुणाचं, एवढा प्रश्न मनात आला तरी पुष्कळ झालं.